आधी अर्ज, मग बंड : जोडेघाट ते इंद्रवेल्ली

आपल्या मंडळात 'बंड आणि त्याची कारणं' हा विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ सभासद सहज म्हणाले, "त्यात काय अभ्यास करायचा? पोट रिकामं झालं की माणूस पेटतो." त्या वेळी मी काही बोललो नाही. पण घरी जाताना मनात येत राहिलं की आपल्या जिल्ह्यात पोट रिकामं असलेली गावं शेकड्यांनी होती आणि बंडं मात्र बोटावर मोजण्याइतकी. म्हणजे भुकेशिवाय आणखी काहीतरी लागतं. ते काय, याचा शोध मी जुन्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यापुरता घेतला, तोच इथं मांडतो. २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले. पण ही हकीकत त्याच्या आधीची आहे, म्हणून आसिफाबाद, निर्मल, उटनूर हे सगळं मी एकच धरलं आहे.

शब्दांचा घोळ

आधी शब्द पाहू, कारण शब्दावरूनच कोण बोलतंय ते कळतं. १८५७ ला आमच्या शाळेच्या पुस्तकात कधी 'शिपायांचं बंड' होतं, कधी 'स्वातंत्र्यसमर'. १८७५ साली पुणे-नगर भागातले शेतकरी सावकारांवर उठले, तर सरकारी दप्तरात त्याला 'दख्खनचे दंगे' म्हटलं गेलं. मराठीत बंड आहे, बंडाळी आहे, पुंडाई आहे, उठाव आहे. पुंडाई म्हणणारा आणि उठाव म्हणणारा एकाच बाजूला बसलेला नसतो.

आपण तेलुगु-मराठीच्या सीमेवर राहतो, म्हणून आणखी एक गंमत आपल्याच ध्यानात येते. गोदावरीच्या खालच्या अंगाला रंपा भागात १८७९ साली, आणि पुन्हा १९२२ ते १९२४ मध्ये अल्लूरी सीताराम राजू यांच्या नेतृत्वाखाली जे उठाव झाले, त्यांना सरकारी कागदात 'फितुरी' हा शब्द आहे. तिकडे फितुरी म्हणजे बंड. आपल्या मराठीत फितुरी म्हणजे आपल्या माणसाशी दगा. शब्द एकच, पण एकीकडे तो सरकारविरुद्ध उठणाऱ्याला लागतो आणि दुसरीकडे सरकारला जाऊन मिळणाऱ्याला. इतिहास वाचताना कागद कुणी लिहिलाय हे आधी बघा असं सांगतात. रणजित गुहा यांनी १९८३ साली शेतकरी बंडांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात हाच मुद्दा लावून धरलाय : बंडाची माहिती आपल्याला बहुतेक वेळा ते मोडणाऱ्यांच्या कागदातून मिळते, म्हणून ती उलटी धरून वाचावी लागते.

राज गेलेल्यांचं बंड

आपल्या भागात दोन जातीची बंडं दिसतात. पहिली राज गेलेल्यांची. चांद्याच्या गोंड राजांचं राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. राजे गेले तरी डोंगरात मोकाशी आणि जमीनदार राहिले. १८५७ च्या धामधुमीत यांतलेच लोक पुढे आले. प्राणहितेपलीकडे मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके उठले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. आपल्या बाजूला निर्मलच्या परिसरात रामजी गोंड उठला, त्याच्याबरोबर रोहिलेही होते. १८६० साली त्याला आणि त्याच्या साथीदारांना निर्मलला एका वडाच्या झाडावर फासावर दिलं असं सांगतात. ते झाड तेलुगुत 'वेय्यि उरुला मर्रि', हजार फासांचा वड, म्हणून ओळखलं जायचं.

या बंडांमागं अन्याय नव्हता असं नाही. पण त्यांच्या मुळाशी गेलेल्या सत्तेचं दुःख होतं. माझा प्रश्न दुसऱ्या जातीच्या बंडाचा आहे. ज्याच्याकडं राज कधीच नव्हतं, ज्याला फक्त आपलं वावर कसायचं होतं, तो हातात बंदूक का घेतो? हे बंड आपल्याकडं १९४० मध्ये झालं.

वावर कसं गेलं

त्यासाठी आधी जमीन कशी गेली ते नीट समजून घ्यावं लागेल, कारण तलवार घेऊन ती कुणी हिसकावली नव्हती.

आदिलाबादचे गोंड नांगराची शेती करणारे. काळी जड जमीन ते रब्बीला धरायचे. डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत दोन-चार वर्षं पीक घ्यायचं आणि मग ती तशीच सोडून शेजारचा तुकडा धरायचा, अशी रीत होती. सोडलेली जमीन टाकलेली नसायची, विसाव्याला ठेवलेली असायची. काही वर्षांनी तिच्याकडे परत यायचं. या जमिनीचा कागद नसायचा. फार तर 'सिवाय जमाबंदी'खाली वर्षापुरता सारा भरायचा आणि कसायचं. मालकी सगळ्या गावाला माहीत असायची, ती लिहून ठेवायची कुणाला गरज वाटत नव्हती.

मग तीन गोष्टी थोड्याफार एकाच काळात आल्या. एक, मोजणी. मोजणीवाला आला तेव्हा जे वावर विसाव्याला होतं, त्याची नोंद पडीत म्हणून झाली. दोन, राखीव जंगल. निजाम सरकारच्या जंगल खात्यानं हद्दी घातल्या. विसाव्याची कितीतरी वावरं त्या हद्दीच्या आत गेली, कुठं कुठं तर आख्खी वस्ती गेली. आता जनावरं चारली तरी पैसे, सरपण आणलं तरी पैसे, आणि त्यावर चौकीदाराचा हात वेगळा. तीन, रस्ता आणि रेल्वे. काझीपेठ-बल्लारशा मार्ग १९२९ च्या सुमारास पुरा झाला. कापसाला भाव होता. वऱ्हाडातून, नांदेडकडून, तेलंगणाच्या खालच्या तालुक्यांतून लोक जमीन शोधत वर आले. त्यांना अर्ज लिहिता येत होता, पटवाऱ्याशी बोलता येत होतं, कचेरीची भाषा कळत होती. कागदावर पडीत दिसणारी जमीन त्यांनी मागितली आणि त्यांना पट्टा मिळाला.

हे 'लोक' म्हणजे कोण, हे सांगायला मला लांब जायला नको. माझे आजोबा त्यांतलेच.

आमच्या घरी एका ट्रंकेत तो पट्टा होता. संस्थानी काळातला, उर्दूतला. मला उर्दू येत नाही, म्हणून गेल्या वर्षी एका निवृत्त मास्तरांकडून तो वाचून घेतला. आजोबांचं नाव, गावाचं नाव, नंबर, क्षेत्र. आणि आधीच्या स्थितीच्या रकान्यात एक शब्द : 'उफ्तादा'. मास्तर म्हणाले, "म्हणजे पडीत. कुणाची नव्हती, तुमच्या आजोबांना दिली."

मी तसाच बसून राहिलो. कारण त्या तुकड्याला आमच्या घरात आजोबांपासून आजतागायत सगळे 'आत्रामाचं वावर' म्हणत आले आहेत. "आत्रामाच्या वावरात औत लागलंय का?" "आत्रामाच्या वावरात यंदा ज्वारी टाकू." आत्राम हे गोंडांचं आडनाव. कागद म्हणतो जमीन कुणाचीच नव्हती. आमचंच तोंड रोज सांगत होतं ती कुणाची होती. आणि इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की हा आत्राम कोण, आणि तो गेला कुठं.

आजोबांनी खोटं काही केलं नव्हतं. त्या वेळच्या कायद्यानं सगळं रीतसर होतं. तो कागद डोक्यातून जात नाही तो यामुळेच.

निघून जाण्याची वाट

तो आत्राम गेला कुठं, याचं एक सर्वसाधारण उत्तर आहे. तो जंगलात आणखी आत गेला असणार. गोंड-कोलाम लोकांची जुनी रीत तीच होती. गावावर रोगराई आली, अधिकाऱ्याचा जाच वाढला, तर भांडत बसायचं नाही, गाव मोडायचं आणि दुसरीकडं वसवायचं. जमीन पुष्कळ आणि माणसं थोडी होती तोपर्यंत हे चाललं. बाहेरचा माणूस म्हणायचा, भित्रे लोक, पळून जातात. पण पळून जाणं हीसुद्धा एक तक्रारच असते.

हे मला आमच्या घरच्या सालदारांवरून कळतं. लहानपणी आमच्याकडे एक कोलाम सालदार होता. एका सकाळी तो आलाच नाही. झोपडीत पाहिलं तर चूल थंड, बायकापोरांसकट गेलेला. वडील म्हणाले, "पळाला. उचल घेऊन पळाला." आठ दिवस घरात तोच विषय. त्याला किती उचल दिली याचा हिशोब सगळ्यांना पाठ होता. साल सरल्यावर त्याच्या हातावर किती टेकवायचे, हा हिशोब मात्र कुणी काढला नाही. त्यानं कधी तोंड वर करून काही मागितलं नव्हतं. त्यानं निघून जाऊन सांगितलं. आम्हाला ते ऐकू आलं नाही, एवढंच.

रोजच्या जगण्यात बहुतेक बंडं अशीच असतात. हळू काम करणं, न ऐकल्यासारखं करणं, न सांगता निघून जाणं. जेम्स स्कॉट या अमेरिकन अभ्यासकानं मलेशियातल्या एका भातशेतीच्या गावात राहून १९८५ साली यावर पुस्तक लिहिलं. दुबळ्याची हत्यारं अशीच, दिसायला फुटकळ असतात, असं तो म्हणतो. माझं म्हणणं त्याच्या थोडं पुढचं आहे. ही फुटकळ हत्यारं चालतात तोवर मोठं बंड होत नाही. निघून जायला जागा असेल तर माणूस निघून जातो. दाद मागायला जागा असेल तर दाद मागतो. दोन्ही दारं बंद झाली की मग काय?

भीमू

कुमरम भीमू, ज्याला आज सगळे कोमरम भीम म्हणतात, त्याचं आयुष्य या प्रश्नाशेजारी ठेवून बघा.

त्याचा जन्म आसिफाबादजवळच्या संकेपल्लीचा. बाप चिन्नू. जंगलवाल्यांच्या जाचाला कंटाळून कुटुंब तिथून उठलं आणि केरामेरीकडच्या सुर्दापूरला आलं. हे पहिलं निघून जाणं. तिथं जमीन साफ केली, पीक उभं केलं, तर सिद्दीक नावाचा एक पट्टेदार आला आणि म्हणाला जमीन माझी, पीक माझं. पट्टा त्याच्याकडं होता. त्या झटापटीत तरुण भीमूच्या हातून तो मारला गेला. भीमू पळाला, चांद्याकडे गेला. तिथं विठोबा नावाच्या छापखानेवाल्याकडे राहून तो लिहायला-वाचायला शिकला आणि पुढं आसामच्या चहामळ्यांपर्यंत पोचला, असं त्याची गोष्ट सांगणारे सांगतात. हे दुसरं निघून जाणं, आणि सगळ्यांत लांबचं.

काही वर्षांनी तो परत आला. आता तिसरी वाट धरली : डोंगरात आत, बाबेझरीच्या बाजूला, बारा वस्त्या. गोंड आणि कोलाम कुटुंबांनी जंगल तोडून वावरं काढली. जंगल खात्यानं म्हटलं ही राखीव हद्द आहे, उठा. उठले नाहीत तर झोपड्या जाळल्या. इथून पुढं आत जायला जंगलच उरलं नव्हतं. रेल्वे एका बाजूनं, वसाहत दुसऱ्या बाजूनं, आणि मध्ये जंगल खात्याची हद्द. निघून जाण्याचं दार इथं बंद झालं.

दुसरं दार अर्जाचं. भीमूनं तेही ठोठावलं. चार अक्षरं शिकलेला माणूस, त्याला कागदाची ताकद कळत होती. अर्ज झाले, विनवण्या झाल्या. तो निजामाला भेटायला हैदराबादपर्यंत गेला आणि भेट न होता परत आला, असंही सांगितलं जातं. वरून कधी बरं बोललं गेलं तरी खाली चौकीवर ते पोचत नव्हतं.

त्यानंतर बंदुका आल्या. बारा गावांनी जंगलवाल्यांना येऊ द्यायचं बंद केलं. लोकांच्या आठवणीत याचा पुढचा भाग फार महत्त्वाचा आहे. आसिफाबादहून अधिकारी बोलणी करायला आला, पट्टे देतो म्हणाला, आणि भीमू नको म्हणाला. त्यानं आता बारा गावांचं आपलं राज मागितलं. तो हटवादी होता म्हणून बोलणं फिसकटलं, असं यावर काही जण म्हणतात. मला वेगळं वाटतं. ज्यानं आयुष्यभर बघितलंय की पट्टा देणारा हातच पट्टा काढून घेतो, तो नुसत्या पट्ट्यावर कसा थांबेल? जमिनीची मागणी वेळेवर ऐकली असती तर ती जमिनीचीच राहिली असती. उशीर झाला, म्हणून ती राज्याची झाली.

१९४० च्या पावसाळ्याच्या शेवटी जोडेघाटच्या टेकडीवर पोलिसांनी वेढा दिला. गावच्याच एकानं वाट दाखवली असं सांगतात, म्हणजे आपल्या मराठी अर्थानं फितुरी. गोळीबारात भीमू आणि त्याचे सोबती मारले गेले. कागदांत आणि पुस्तकांत या घटनेच्या वेगवेगळ्या तारखा सापडतात. जोडेघाटला मात्र तारीख चालत नाही, तिथी चालते : आश्विन पौर्णिमा. त्या दिवशी तिथं हजारो आदिवासी जमतात. आपल्याकडं ती कोजागिरी. आमच्या गच्चीवर दूध आटवत असतं, तेव्हा त्याच चंद्राखाली केरामेरीच्या डोंगरात भीमूची पुण्यतिथी चाललेली असते. चाळीस वर्षांचा होईपर्यंत मला हे माहीत नव्हतं.

बंडानंतर शहाणपण

बंड मोडल्यावर सरकार कारणं शोधतं. १८७५ च्या दंग्यांचं उदाहरण घ्या. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. पुढं इतर गावांत बहुतेक ठिकाणी हेच झालं. रोखे दिले तर सावकाराच्या अंगाला हात लावला नाही. लोकांना कागद हवा होता, माणूस नव्हे. मग आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्यानंतरही १८८३ साली महात्मा फुल्यांना 'शेतकऱ्याचा असूड' लिहावा लागला.

जोडेघाटनंतर तसंच झालं. निजाम सरकारला प्रश्न पडला की हे घडलं कशानं. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. महायुद्धात जर्मन पासपोर्टमुळं त्यांना बाहेर फिरायला बंदी होती. ते १९४१ पासून पत्नी बेटी यांच्यासह मारलवाईला गोंडांमध्ये राहिले. त्यांचे अहवाल 'ट्रायबल हैदराबाद' या नावानं १९४५ साली छापले गेले. मोजणी, राखीव हद्द, पडीत म्हणून लिहिलेली वावरं, पट्टे मिळवणारे बाहेरचे लोक, ही सगळी कारणं त्यांत मांडलेली आहेत.

या कामात एक मराठी माणूस होता, त्याची आपण मंडळात पुरेशी आठवण ठेवत नाही. सेतुमाधवराव पगडी. आपण त्यांना शिवकाळाचे आणि फारसी कागदांचे अभ्यासक म्हणून ओळखतो. पण त्याआधी ते संस्थानच्या नोकरीत या जिल्ह्यात अधिकारी होते. ते गोंडी शिकले, गोंडांमध्ये फिरले, त्यांच्यावर लिहिलं. 'लावणी खास' नियमाखाली आदिवासींना विनामूल्य पट्टे देण्याचं काम त्या वर्षांत झालं. मारलवाईला १९४३ साली गोंड शिक्षक तयार करायची शाळा निघाली आणि गोंडी वाचनाची पुस्तकं देवनागरीत छापली गेली. १३५६ आणि १३५९ फसलीत, म्हणजे १९४६ आणि १९४९ मध्ये, आदिवासी भागासाठी खास नियम आले.

मला यातली सगळ्यांत शहाणी गोष्ट कायद्याची वाटत नाही, दरबाराची वाटते. केसलापूरला पौष अमावास्येला मेसराम कुळाची नागोबाची जत्रा भरते. सगळे गोंड तिथं येतातच. मग अधिकाऱ्यांनीच तिथं जाऊन बसावं आणि गाऱ्हाणी ऐकावीत, असा दरबार हायमेनडॉर्फच्या काळात सुरू झाला. तो आजही भरतो. लोकांना कचेरीची वाट सापडत नाही, म्हणून कचेरी लोकांकडं नेली. बंद झालेलं एक दार थोडं उघडलं. हायमेनडॉर्फ दांपत्याची समाधी आज मारलवाईतच आहे.

मग इंद्रवेल्ली का झालं?

एवढं सगळं झालं, तर चाळीस वर्षांनी इंद्रवेल्ली का? केसलापूरपासून ते अगदी जवळ आहे, म्हणून हा प्रश्न जास्त टोचतो.

कारण कायदा आला तरी माणसं येत राहिली, आणि कागद गळत राहिला. आदिवासींची जमीन इतरांकडं जाऊ नये म्हणून आंध्र प्रदेशात १९५९ चा पहिला नियम झाला, तो १९६३ मध्ये तेलंगणाला लावला, आणि १९७० मध्ये आणखी कडक केला. आपल्याकडं त्याला 'वन सेव्हंटी' म्हणतात. पण बेनामी होतं, तोंडी व्यवहार होते, उधारीपोटी वावर 'कसायला' घेणं होतं. पिढी बदलली, आणि लावणी खासचे पट्टे ज्यांना मिळाले त्यांची मुलं पुन्हा जंगलाच्या कडेला आली.

२० एप्रिल १९८१, सोमवार, इंद्रवेल्लीच्या बाजाराचा दिवस. गिरिजन रयतू कुली संघमनं सभा बोलावली होती. मागण्या जुन्याच : कसत असलेल्या जमिनीचे पट्टे, गेलेल्या जमिनी परत, सावकारी बंद. सभेला बंदी घातली गेली, जमावबंदी लागली. ही बातमी डोंगरातल्या गावांना पोचली नव्हती. लोक येत राहिले, काही सभेला, काही बाजाराला. गोळीबार झाला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. मानवी हक्कांचं काम करणाऱ्यांनी आणि स्थानिक लोकांनी तो कितीतरी पट जास्त सांगितला.

मी तेव्हा चौथीत होतो. आमच्या गावात त्या संध्याकाळी दुकानं लवकर बंद झाली, एवढं आठवतं. वडील आईला हळू आवाजात म्हणाले, "गोंडांनी बंड केलं." मोठा होईपर्यंत मी तेच खरं धरून चाललो. आज विचारतो, त्यात बंड कुठं होतं? ते दाद मागायला आले होते. सभा म्हणजे बोलून दाखवलेला अर्जच. अर्जावर गोळी चालली आणि आमच्या घरात त्याला नाव पडलं बंड.

नंतर तिथं १९८३ साली स्तूप उभारला गेला. १९८६ मध्ये तो उडवून दिला गेला आणि १९८७ मध्ये पुन्हा बांधला. कित्येक वर्षं त्या तारखेला तिथं फूल वाहायलाही बंदोबस्त असायचा. शोक करायची जागाही बंद केली की लोक ती दुसरीकडं शोधतात. त्या वर्षांत या जंगलांतून किती पोरं बंदूक घेऊन निघून गेली, ते आपल्या पिढीनं पाहिलेलं आहे.

पुस्तकातला भीमू

साहू आणि अल्लम राजय्या यांची तेलुगु कादंबरी 'कोमरम भीम' १९८३ ची, म्हणजे इंद्रवेल्लीनंतर दोन वर्षांनी आलेली. ही जोडी मला योगायोगाची वाटत नाही. १९८१ चं जे सरळ बोलता येत नव्हतं, ते १९४० ची गोष्ट सांगून बोलता आलं. आज 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा सगळीकडं भीमूच्या नावावर आहे. मराठीत अण्णाभाऊ साठ्यांच्या 'फकिरा'नं हेच काम केलं. १९५९ च्या त्या कादंबरीत फकिराच्या बंडामागं भूक आहेच, पण गुन्हेगार ठरवलेल्या जातीला रोज द्यावी लागणारी हजेरीही आहे. माणूस उपाशी एक वेळ राहील, पण आपलं म्हणणं ऐकायलाच कुणी नाही आणि वर रोज हजेरी द्यायची, हे सोसत नाही.

२०२२ च्या 'आरआरआर' चित्रपटानं भीमूला जगभर नेलं. त्यात तो वाघाशी झुंजतो. पोरांना आवडतं, मलाही आवडलं. पण खरा भीमू आधी कागद घेऊन फिरला होता, हे चित्रपटात दिसत नाही. बंडखोराला जन्मतःच शूर दाखवलं की कारणांचा प्रश्न मिटतो. मग पट्टा कुणाला मिळाला, हे विचारायचं राहून जातं.

आत्रामाचं वावर

जोडेघाटला आता स्मारक आणि संग्रहालय आहे, जिल्ह्याला भीमूचं नाव आहे. २००६ चा वनहक्क कायदा आहे. ३० जून २०२३ ला मुख्यमंत्र्यांनी पोडू जमिनीचे पट्टे वाटायला सुरुवात केली ती आसिफाबादहूनच. त्याच केरामेरीच्या डोंगरात महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही आपली म्हणतात अशी गावं आहेत, परमडोली, अंतापूर वगैरे. तिथल्या लोकांकडं दोन-दोन राज्यांची कार्डं आहेत. त्याच डोंगरात एके काळी बारा गावांना एका कागदासाठी बंदूक घ्यावी लागली होती.

त्या ज्येष्ठ सभासदांना माझं उत्तर एवढंच, की भूक कारण असते, पण एकटी पुरत नाही. माणूस आधी गप्प राहतो, मग निघून जातो, मग अर्ज करतो. या तिन्ही वाटा संपल्यावर तो उठतो, आणि त्या संपवणारे सगळे दुष्टच असतात असं नाही. त्यांत रीतसर पट्टा घेणारे माझे आजोबाही असतात.

आमचं ते वावर आता वाटण्यांत गेलं, निम्मं रस्त्यात गेलं. मूळचा आत्राम कोण, हे सांगणारं कुणी उरलं नाही. आसपासच्या तीन गुड्यांवर मी विचारून आलो. आत्राम पुष्कळ भेटले. एका म्हाताऱ्यानं चहा पाजला आणि हसून म्हणाला, "दादा, अशी वावरं लई हायेत."

म्हणून मंडळापुढं एक सूचना ठेवतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी जमिनी आहेत किंवा होत्या. त्या वावरांना घरात काय नावानं हाक मारतात, तेवढं प्रत्येकानं लिहून आणावं. 'कोलामाचा तुकडा', 'मडावीचं शेत', 'गुड्याचं रान', जे असेल ते. सात-बाऱ्यावर किंवा पहाणीत ही नावं नाहीत. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात अजून आहेत. पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकी पाच जरी जमली तरी एक वही भरेल. पहिल्या पानावर माझं लिहून ठेवलंय.